वेडेपणाचं गुणगान, हावड्याच्या काठावरून

हावड्याचा पूल बांधणाऱ्यांनी बहुतेक सगळ्या गोष्टींचा हिशेब केला होता. हुगळीच्या भरती-ओहोटीचा, वादळी वाऱ्याचा, उन्हाने पोलाद किती फुगेल याचा, ट्राम आणि मोटारींच्या ओझ्याचा. 26,500 टन पोलाद, 457 मीटरचा मधला गाळा, नदीच्या पात्रात एकही खांब नाही, आणि सगळा सांगाडा रिव्हेट ठोकून जोडलेला. नट-बोल्ट कुठेच नाही. 3 फेब्रुवारी 1943 रोजी पूल खुला झाला. युद्धाचे दिवस होते, म्हणून उद्घाटनाचा गाजावाजाही झाला नाही. हिशेबाच्या कागदावर एकच गोष्ट आली नव्हती, ती म्हणजे पान. पूल चालत ओलांडणाऱ्या माणसाचं तोंड मध्यावर येईपर्यंत भरतं, आणि रस्त्याला वरून तोलून धरणाऱ्या पोलादी टांगण्यांच्या बुडाशी तो पिचकारी मारतो. रोज लाखाहून जास्त माणसं इथून पायी जातात. जवळजवळ सत्तर वर्षांनी तपासणी झाली तेव्हा त्या बुडांवरच्या संरक्षक पत्र्यांची जाडी झिजून निम्म्यावर आलेली दिसली. शेवटी पुलाची देखभाल करणाऱ्या पोर्ट ट्रस्टने तिथे फायबरग्लासची आवरणं बसवली.

पिचकारीची बाजू मी घेत नाही. ती बेपर्वाई आहे आणि तिला दंडच हवा. पण वादळाचं गणित ज्यांनी मांडलं त्यांना पानाचं गणित मांडता आलं नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माणूस हिशेबात बसत नाही. कधी तो वाईट तऱ्हेने बसत नाही, आणि पुष्कळदा चांगल्या तऱ्हेने. या दुसऱ्या प्रकाराला शहाणी माणसं वेडेपणा म्हणतात. फायद्याचं सोडून तोट्याचं करणं, ठरवलेलं शेवटच्या क्षणी बदलणं, परक्याला मनातलं न सांगणं, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याच्यासाठी जागा करणं. या वेडेपणाची स्तुती करायला मी बसलो आहे. ती मनापासून आहे, आणि ती आत्ताच करायला हवी, कारण तो वेडेपणा मोजून, ओळखून विकण्याचा धंदा याआधी कधी इतका मोठा नव्हता.

धंदा चालतो कसा हे सांगणं अवघड नाही. तुम्ही फोनवर अंगठा सरकवत जाता. एका चित्रावर तो दोन सेकंद थबकतो. तुम्ही काही दाबत नाही, लिहीत नाही, नुसते थबकता. तेवढं नोंदलं जातं. तुमच्यासारखेच थबकलेले आणखी लाखो लोक शोधले जातात, त्यांनी पुढे काय केलं ते पाहिलं जातं, आणि तुम्हीही तेच कराल असं गृहीत धरून पुढचं चित्र समोर येतं. 2013 साली संशोधक मिखाल कोसिन्स्की आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी 58,000 स्वयंसेवकांच्या फेसबुक लाइक्सवरून त्यांचा राजकीय कल, स्वभाव, बुद्ध्यांक यांचा अंदाज बांधून दाखवला. पुष्कळ बाबतींत तो चांगलाच जुळला. बुद्धिमान माणसाची एक खूण म्हणून यंत्राला काय सापडलं? वळ्यावळ्यांचे तळलेले बटाटे, म्हणजे कर्ली फ्राइज, आवडल्याची नोंद. बटाट्याने बुद्धी येत नाही आणि बुद्धीने बटाट्याची भूक लागत नाही. पण त्या वर्षी, त्या माणसांत, त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी आढळल्या. यंत्राला तेवढं पुरतं. का, हा प्रश्न त्याला पडत नाही.

हा ‘का’ सोडून देणं ही माझी मुख्य तक्रार आहे. कारण विचारल्याशिवाय बांधलेला अंदाज कधी मोडेल हे बांधणाऱ्यालाही कळत नाही.

याचं एक जुनं उदाहरण हुगळीच्या दोन काठांवरच आहे, आणि त्यात आपण मराठी माणसं आहोत. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचं सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून आलं. नदीच्या पश्चिम काठावरच्या मुलखाची, म्हणजे ज्या बाजूला हावडा आहे त्या बाजूची, फार वाताहत झाली. बर्गी, म्हणजे मराठे स्वार, आले, हे तिथल्या गावांनी खरोखर सोसलं आहे, आणि बंगाली घरांत तो शब्द अजून विसरलेले नाहीत. मराठी माणसाने इथे राहायचं तर हे मान खाली घालून ऐकून घ्यायला हवं. पूर्व काठावरच्या कलकत्त्यातल्या इंग्रजांनी मात्र समोरचं सगळं पाहून अंदाज बांधला की मराठे नदी ओलांडणार. अंदाज तर्काला धरून होता. शहराभोवती खंदक खणायला घेतला, सहा महिन्यांत तीन मैल खणला. मराठे आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला. पुढे 1756 मध्ये कलकत्त्यावर हल्ला झाला तो ज्याच्या अमलाखाली ते शहर होतं त्या नवाब सिराजउद्दौल्याचा, आणि त्या अर्धवट खंदकाने त्याला अडवलं नाही. काल जे घडलं तेच उद्या थोडं पुढे सरकून घडेल, या एका समजुतीवर तीन मैल माती उपसली गेली. आजच्या यंत्रांच्या पोटातही बहुतेक वेळा हीच समजूत असते. फावड्यांच्या जागी संगणक आले आहेत.

गूगलने 2008 मध्ये फ्लूच्या साथीचा अंदाज देणारी सेवा सुरू केली. लोक काय शोधतात त्यावरून कुठे किती आजारी आहेत ते सरकारी आकड्यांच्या आधी सांगायचं. कल्पना सुंदर होती आणि सुरुवातीला तिचं फार कौतुक झालं. मग 2012-13 च्या हिवाळ्यात अमेरिकेत तिने दाखवलेला आकडा डॉक्टरांकडच्या प्रत्यक्ष नोंदींच्या जवळजवळ दुप्पट निघाला. माणसं ताप आला म्हणून शोधत नव्हती. टीव्हीवर साथीची बातमी पाहिली, शेजारणीने काही सांगितलं, लेकरू जरा शिंकलं, म्हणून शोधत होती. यंत्राने काळजीला ताप समजून मोजलं. 2015 मध्ये सेवा बंद झाली. लेकरू शिंकलं म्हणून रात्री दोन वाजता उठून फोन चाळणाऱ्या आईचा मला अभिमान वाटतो. तिने काही चूक केली नाही. तिच्याकडे पाहून तिचं घर आजारी आहे असं ठरवणाऱ्याने चूक केली.

जर्मनीत 2009 च्या निवडणुकीनंतर काही संशोधकांनी जाहीर केलं की ट्विटरवर ज्या पक्षाचा जितका उल्लेख झाला, जवळपास तितकीच त्याला मतं पडली. दुसऱ्या एका गटाने तीच मोजणी पुन्हा केली आणि दाखवून दिलं की पहिल्यांनी संसदेत असलेलेच सहा पक्ष मोजले होते. पायरेट पार्टी नावाच्या नव्या पक्षालाही मोजणीत घेतलं तर उल्लेखांत तोच पहिला येत होता. प्रत्यक्षात त्याला मतं पडली दोन टक्के. बोलणारे एक आणि मत देणारे दुसरे.

बंगालमध्ये हे कुणी सांगायला नको. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक एक्झिट पोलनी पश्चिम बंगालमध्ये भाजपला तृणमूलच्या पुढे दाखवलं होतं, आणि देशात रालोआला साडेतीनशेच्या वर, काहींनी चारशेपर्यंत. 4 जूनला निकाल लागले तेव्हा राज्यात तृणमूल 29, भाजप 12, काँग्रेस 1, आणि देशात रालोआ 293. कोण जिंकलं आणि कोण हरलं हा इथे माझा विषय नाही. मला त्या मतदाराविषयी बोलायचं आहे, जो केंद्राबाहेर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सगळं खरं सांगत नाही. जिथे मत कुणाला दिलं यावरून गल्लीत वैर पेटतं, तिथे तोंड मिटून ठेवणं हे गुप्त मतदानाचंच उरलेलं अर्धं काम आहे. नमुना बिघडवल्याचा दोष त्याच्यावर येतो. मी म्हणतो, त्याने आपलं मत राखलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. अंदाज बांधणं हे वाईट काम नाही, आणि ते चांगलं करून दाखवणारी माणसं याच नदीच्या काठी होती. हावड्यापासून उलुबेडियापर्यंत हुगळीला लागून तागाच्या गिरण्या आहेत. त्या गिरण्यांना दर वर्षी एकच गोष्ट आधी कळायला हवी असायची: यंदा ताग किती? सरकारी अंदाज भरवशाचे नव्हते आणि त्या आकड्यावर भाव चढत-उतरत. 1937 पासून प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी हे काम हाती घेतलं. 1931 मध्ये त्यांनी स्थापन केलेली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आज नदीच्या पलीकडे बरानगरला आहे. सगळी शेतं पाहणं अशक्य, म्हणून यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, नकाशावरचे तुकडे निवडायचे आणि तेवढ्यांवर माणसं पाठवायची.

महालनोबिसांचं मोठेपण मला पुढच्या पायरीत दिसतं. पाठवलेला माणूस चुकणार हे त्यांनी मान्य केलं. तो चिखलातून जायचा कंटाळा करेल, बांधावरूनच पाहून लिहील, दुसऱ्याचं शेत पाहून येईल. म्हणून त्यांनी एकाच भागात दोन वेगवेगळ्या तुकड्या पाठवल्या. दोघींना स्वतंत्र नमुने दिले, एकीचे आकडे दुसरीला माहीत नाहीत. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. त्यांच्यातलं अंतर पाहिलं की माणसाच्या चुकीचा अंदाज येतो. चूक लपवायची नाही, तिचाही आकडा द्यायचा. वेडेपणाला हिशेबाच्या वहीत मानाने एक रकाना देणारा असा संख्याशास्त्रज्ञ मला वंदनीय आहे.

आणि त्यांच्याशी भांडणारा माणूस आपला, साताऱ्याचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, गाव बुध. फर्ग्युसनमधून लंडनला गेले, परत येऊन कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या सर्वेक्षणाचं काम केलं, पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले. महालनोबिसांच्या पद्धतीत शेतात अगदी लहान वर्तुळ आखून तेवढ्याच जागेचं पीक कापून तोलायचं. सुखात्म्यांचा आक्षेप होता की लहान वर्तुळाने उत्पन्न फुगून येतं. 1946 मध्ये त्यांनी तो ‘नेचर’मध्ये मांडला. कारण त्यांनी शोधलं ते शेतात उकिडवं बसल्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. वर्तुळाच्या अगदी काठावर एक रोप उभं आहे. मूळ रेषेवर, शेंडा जरा आतल्या बाजूला कललेला. कापणाऱ्याच्या हातात विळा आहे. ते रोप आत धरायचं की बाहेर? हात आत धरतो. दर वेळी नाही, पण जास्त वेळा. भरलेलं कणीस डोळ्यांसमोर असताना ते सोडून देणं शेतकऱ्याच्या हाताला जमत नाही. वर्तुळ जितकं लहान, तितका त्याच्या आतल्या जागेच्या मानाने काठ मोठा, म्हणून चूकही मोठी. महालनोबिस म्हणत की आमची माणसं शिकवून तयार केलेली आहेत, त्यांच्या हातून असं होत नाही. वाद बरीच वर्षं चालला. दोघेही विद्वान, दोघेही हट्टी, आणि वादाचा विषय काठावरचं एक रोप. मला हा वाद फार आवडतो. दोन्ही बाजूंना माणसाच्या हाताचं ‘का’ हवं होतं.

आजच्या यंत्रांना शेतात जावं लागत नाही. ती माणसाला मोजता मोजता वळवतातही, आणि कापणीच्या पद्धतीत हा धोका कधीच नव्हता. तागाचं रोप मोजल्याने जास्त वाढत नाही. माणूस वाढतो. 2017 मध्ये फेसबुकने आपल्या क्रमवारीत चेहऱ्यांच्या खुणांना, त्यात रागाच्या खुणेलाही, साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे कंपनीच्या बाहेर आलेल्या कागदपत्रांतून 2021 मध्ये उघड झालं. रागावलेला माणूस जास्त वेळ थांबतो, हा अंदाज बरोबरच होता. म्हणून त्याला राग येईल असंच पुढे ठेवलं गेलं, तो आणखी थांबला, आणि अंदाज आणखी बरोबर ठरला. त्याच कागदपत्रांत 2019 च्या फेब्रुवारीतला एक प्रयोग आहे. कंपनीच्या एका संशोधकाने केरळमधली व्यक्ती म्हणून एक नवं खातं उघडलं आणि यंत्र जे सुचवेल तेवढंच पाहायचं, तिथेच सामील व्हायचं, असा नियम केला. स्वतःचं काहीच निवडायचं नाही. तीन आठवड्यांत ते खातं द्वेषाने, खोट्या बातम्यांनी आणि मृतदेहांच्या चित्रांनी भरून गेलं. यंत्राच्या दृष्टीने तो पूर्ण शहाणा वापरकर्ता होता. जे पुढे आलं ते त्याने घेतलं.

हावड्यात याचा अर्थ पुस्तकात शोधावा लागत नाही. जून 2022 मध्ये टीव्हीवरच्या एका वक्तव्यावरून जिल्ह्यात हिंसाचार झाला तेव्हा प्रशासनाने 10 तारखेपासून 13 तारखेपर्यंत इंटरनेटच बंद ठेवलं. फोनवर काय फिरेल आणि त्याने कोण कुठे धावेल याचा भरवसा उरला नाही, की नळच बंद करायचा. त्यात दुकानदाराचे पैसे अडकले, विद्यार्थ्यांचे अर्ज राहिले. दंगल टाळणं हे सरकारचं काम आहे, हे मी नाकारत नाही. पण अशा दिवसांत शहर शेवटी ज्यांच्या जिवावर उभं राहतं ती माणसं कोणत्याही आलेखात नसतात. हातात आलेला भडकाऊ व्हिडिओ पुढे न पाठवणारा माणूस काही नोंदच ठेवत नाही. त्याने दाबलं नाही, लिहिलं नाही, फोन खिशात ठेवला आणि समोरच्या गल्लीतल्या ओळखीच्याला हाक मारून विचारलं, काय रे, सगळं ठीक ना? यंत्राला तो दिसतच नाही. या न दिसणाऱ्या, न पाठवणाऱ्या माणसाची गणती या देशात कुणी केली नाही, आणि त्याच्यावाचून एकही मोहल्ला टिकला नसता.

ज्यांना वाटतं की माहिती वाढली की हे सगळं सुटेल, त्यांच्यासाठी एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत 2000 च्या सुमारास जन्मलेल्या मुलांच्या 4,242 कुटुंबांची माहिती मुलाच्या जन्मापासून गोळा केली होती. दर कुटुंबामागे जवळपास तेरा हजार नोंदी. ती जगभरातल्या 160 संशोधक गटांपुढे ठेवली आणि विचारलं, पंधराव्या वर्षी या मुलाचे गुण काय असतील, घराची परिस्थिती कशी असेल, आई-वडिलांना घर सोडावं लागलं असेल का? 2020 मध्ये निष्कर्ष आला. सगळ्यांत हुशार यंत्राचं उत्तरही चार साध्या गोष्टींवर बेतलेल्या जुन्या पद्धतीच्या उत्तरापेक्षा फारसं बरं नव्हतं. तेरा हजार नोंदींनंतरही मूल हातातून निसटलं. मला याचा आनंद होतो आणि तो मी लपवणार नाही. झोपडपट्टीतल्या मुलाचं भविष्य त्याच्या पिनकोडवरून वाचू पाहणाऱ्याला ते वाचता येत नाही, यापेक्षा चांगली बातमी कोणती? भविष्य वाचण्याची अशीच एक परीक्षा आपल्याकडेही झाली आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात दोनशे मुलांच्या कुंडल्या ज्योतिष्यांपुढे ठेवल्या होत्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या, कोणती कुणाची ते ओळखायचं. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं दिली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. यंत्राला मी ज्योतिषाच्या पंगतीत बसवत नाही, कारण यंत्राने निदान आपली परीक्षा उघड्यावर देऊन निकाल छापला. पण आपल्या फोनमधली यंत्रं अशी परीक्षा कुठे देतात?

हावडा मैदानाजवळ मंगळवारचा मंगला हाट भरतो. कपड्यांचा घाऊक बाजार, बिहार, ओडिशा, आसामपर्यंतचे छोटे दुकानदार इथे माल उचलायला येतात. जुलै 2023 मध्ये रात्री इथे मोठी आग लागली, दुकानंच्या दुकानं जळाली, आणि पुढे बाजार पुन्हा भरू लागला. दुर्गापूजेच्या आधी तिथे अर्धा तास उभं राहावं. लहान मुलींच्या फ्रॉकांचा ढीग जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर. विकणारा सांगतो, दादा, हा डिझाइन मोबाइलवर सगळीकडे चालतोय, घेऊन जा. घेणारा फ्रॉक उलटा करतो. शिवण बोटाने ताणून पाहतो, छापाचा रंग अंगठ्याच्या नखाने खरवडतो, मग कापड मुठीत चुरगाळून सोडतो आणि चुणी किती राहते ते बघतो. चालणारा डिझाइन बाजूला ठेवतो. ढिगाच्या खालून एक पिवळा काढतो, ज्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि त्याचे चार डझन घेतो. कारण विचारलं तर सांगेल, आमच्याकडे हाच जाईल. जाईलही, किंवा सहा महिने दुकानात लटकून राहील. पण त्याच्या त्या ‘आमच्याकडे’मध्ये गावातल्या मुलींचे चेहरे आहेत, त्यांच्या आयांची पैसे द्यायची पद्धत आहे, गेल्या वर्षी उधार राहिलेलं एक घर आहे. तोही अंदाजच बांधतो. फरक इतकाच की चुकला तर पैसे त्याचे जातात. अंदाज चुकल्यावर ज्याचं काही जात नाही त्याच्या अंदाजापेक्षा मी या माणसाच्या वेडेपणावर जास्त विश्वास ठेवीन.

हावड्याहून महाराष्ट्रात जायचं तर गाडीचं तिकीट काढताना आता वेटिंग लिस्टच्या आकड्याशेजारी टक्केवारी दिसते. 2018 पासून रेल्वेच्याच संकेतस्थळावर, मागच्या आरक्षणांचा इतिहास पाहून, तिकीट पक्कं होण्याची शक्यता सांगतात. सोय चांगली आहे. ती पाहून लोक दुसऱ्या गाडीचंही तिकीट काढून ठेवतात, मग एक रद्द करतात, आणि त्या रद्द करण्यावर पुढचे अंदाज बेततात. माझी मागणी एवढीच की साठ टक्के सांगितलेल्या तिकिटांपैकी गेल्या महिन्यात खरोखर किती पक्की झाली, तोही आकडा तिथेच दिसावा. बातम्या दाखवणाऱ्या, नोकरीचे अर्ज चाळणाऱ्या, कर्ज नाकारणाऱ्या प्रत्येक यंत्रालाही हाच नियम लावावा. महालनोबिसांनी ताग मोजताना दोन उत्तरं शेजारी ठेवली. माणूस मोजताना एकच का?

या मार्गावरची गीतांजली एक्सप्रेस 26 डिसेंबर 1977 रोजी सुरू झाली. रेल्वेमंत्री होते प्रा. मधु दंडवते. मुंबई ते हावडा एवढा लांबचा प्रवास, आणि गाडीत वर्गच नाहीत, सगळे डबे सारखे. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तोपर्यंत लाकडी फळ्या असायच्या. त्यांच्यावर दोन इंच फोमची गादी घालायला दंडवत्यांनी सुरुवात केली. त्या वेळी कुणी प्रवाशांच्या वागण्याचा अभ्यास केला असता तर काय निघालं असतं? लोक वर्षानुवर्षं फळीवर झोपत आहेत, तिकिटं कमी खपत नाहीत, फळी आहे म्हणून कुणी प्रवास टाळत नाही, यापुढेही टाळणार नाही. अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला असता. लोक खरोखरच फळीवर झोपत राहिले असते. रेल्वेच्या तिजोरीच्या दृष्टीने ज्या खर्चाला काहीच कारण नव्हतं तो दंडवत्यांनी केला, कारण लांबच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसाची हाडं दुखतात हे त्यांना पुरेसं कारण वाटलं. गीतांजलीत पुढे वातानुकूलित डबे आले, वर्गही परत आले. लाकडी फळ्या मात्र परत आल्या नाहीत.